एक बाटली फसफसते, दुसरी पाणचट

प्रश्न : आलं-लिंबाचं पेय घरी आंबवते. एकाच पातेल्यातल्या काही बाटल्या उतू जातात, काहींत गॅसच नसतो. घरगुती बिअरचंही असंच होतं का? – एक वाचक, बिद्री

उत्तर : होतं, पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा आल्यावरच थांबा. (आंबवलेल्या आल्यातही थोडी दारू तयार होतेच, मुलांना देऊ नका.)

बाटलीगणिक चमच्याने साखर घालत असाल, तर गडबड तिथेच. लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की सुमारे 2 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे जवळपास पेयाच्याच आकारमानाएवढा वायू! एवढा फरक पडायला शीग लावलेला एक चमचा पुरतो. आधीचं आंबणं पूर्ण थांबू द्या. मग 10 लिटरला 60 ग्रॅम साखर वजन करून, थोड्या पाण्यात उकळून, गार करून पातेल्यात हलकेच ढवळा. तुमच्या बिद्रीच्या साखर कारखान्याची दाणेदार साखर उत्तम. गूळ नको, त्याचा ओलावा ढेपेगणिक बदलतो.

तरीही एखादी बाटली मिळमिळीत निघाली, तर तिचं झाकण तपासा. बाटल्या सोड्याच्या प्लास्टिकच्याच घ्या, सगळ्या एकाच जागी ठेवा. दाबून टणक लागल्या की फ्रिजमध्ये. काचेची बाटली फुटू शकते.