चेहऱ्यावरचा कॅन्सर आणि भुलेची भीती

नाकावर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात काळसर, चकचकीत गाठ येते. खपली धरते, खपली निघाली की रक्त येतं. तीळ किंवा चामखीळ समजून माणसं ती वर्षानुवर्षं अंगावर काढतात. कुणी चुना-सोडा लावून जाळतं, कुणी पार्लरमध्ये काढून घेतं. महिना उलटूनही न भरणारी अशी जखम बेसल सेल कार्सिनोमाची असू शकते. त्वचेचा हा कॅन्सर सावकाश वाढतो, शरीरात सहसा पसरत नाही. पण नाक, पापणी जागच्या जागी पोखरतो.

तुकडा तपासून निदान पक्कं झालं की ठाण्या-डोंबिवलीतल्या घरांतून पहिला प्रश्न येतो, "आईला या वयात भूल सोसेल का?" बीपी आहे, शुगर आहे, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि गाठ वाढत राहते. लहान गाठीसाठी बहुधा संपूर्ण भूल लागतच नाही. तेवढी जागा बधिर केली की पुरतं. रुग्ण जागा असतो, डॉक्टरांशी बोलतो.

इंजेक्शन असतं लिग्नोकेनचं. दात काढताना बहुतेकांनी ते घेतलेलं असतं. सुरुवातीला चुणचुणतं, नाकाच्या शेंड्यावर तर डोळ्यांत पाणी येतं. बारीक सुईने सावकाश टोचलं आणि औषधात थोडा सोडा बायकार्ब मिसळला, तर त्रास बराच कमी होतो. सोबत बहुधा अ‍ॅड्रिनलिन असतं. त्याने रक्तस्राव घटतो आणि बधिरपणा जास्त वेळ टिकतो. त्याचा असर व्हावा म्हणून डॉक्टर काही मिनिटं थांबतात, तेव्हा घाई करू नका. पुढे दुखत नाही. पण दाबलेलं, ओढलेलं कळतं, कात्रीचा आवाज येतो. दुखलंच तर चेहरा न हलवता सांगा, औषध वाढवता येतं. कान वाजू लागले, जीभ जड झाली, तर तेही लगेच सांगा.

कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवण्याचं पुण्यातलं ऑपरेशन ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने छापलं होतं. त्या रुग्णाच्या वाट्याला भूल नव्हती. कपाळाच्या कातडीची ती पद्धत कॅन्सरने गेलेल्या नाकासाठी आजही वापरतात. मात्र नुसती जागा बधिर करून नेहमीच भागत नाही. गाठ मोठी किंवा खोल असेल, रुग्णाला स्थिर पडून राहता येत नसेल, तर संपूर्ण भूल घ्यावी लागते. तो निर्णय डॉक्टरांवर सोडा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पूर्वी दातांच्या इंजेक्शनने त्रास झाला असेल तर आधी सांगा. उपाशी यायचं की नाही, तेही विचारून घ्या. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा नको. परतताना गर्दीची लोकल टाळा, सोबत कुणीतरी असू द्या.

आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायला लावा. कडा कॅन्सरमुक्त असल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत उपचार पूर्ण झाले असं समजू नका.