सोडायची तर तारीख बघून सोड

सगळ्यात आधी अलॉटमेंट लेटर छापून घे. मोबाईलवर वाचलेलं डोक्यात राहत नाही. कागदावर चार गोष्टींना लाल पेनाने गोल कर: फेरी कितवी, कोटा कुठला, जागा कुठल्या प्रवर्गातून मिळाली आणि रुजू व्हायची शेवटची तारीख कोणती. सीट ठेवायची की सोडून पुन्हा नीट द्यायची, यावर घरात दोन दिवस वाद चाललाय असं तुझी आई सांगत होती. त्या वादात या चारपैकी एक तरी गोष्ट कुणाच्या तोंडून निघाली का, सांग मला. माझी सगळी नोकरी मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थी विभागात गेली. "मॅडम, ॲडमिशन कॅन्सल करायचीय" म्हणणारी पोरं दर पावसाळ्यात काउंटरशी यायची. त्यातली काही पुढच्या वर्षी चांगल्या ठिकाणी लागली, काही नाही लागली. पण ज्यांचे खरे हाल झाले, ती बहुतेक तारीख चुकवून आलेली असायची.

आता कारणाचं बोलू. "मला ते कॉलेज नको" एवढ्याने भागत नाही. का नको, ते एका ओळीत लिहून काढ. गाव लांब आहे म्हणून? इमारत नवी आहे, पेशंट कमी आहेत असं कुणी सांगितलं म्हणून? सरकारी एमबीबीएस या कारणांसाठी कधीही सोडू नये, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. २०२४ मध्ये आपल्या राज्यात एकाच वर्षी दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. वाशीम, हिंगोली, जालना, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली अशी नावं ऐकून मुंबई-पुण्याची मुलं नाक मुरडतात. पण पुढे पीजीला सगळ्यांना नीट पीजी हीच परीक्षा द्यायची आहे, आणि तिथे रँक चालतो. केईएम किंवा बी. जे. मिळावं म्हणून हातातलं सरकारी कॉलेज सोडून वर्ष घालवणं म्हणजे पुढच्या स्टेशनावर खिडकीची जागा मिळेल म्हणून चालू गाडीतून उतरणं. "आधी घेऊ, मग बदली करून घेऊ" यावरही विसंबू नकोस. २०२३ च्या नियमावलीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) कॉलेज बदलण्याचा रस्ताच बंद केला होता.

तुझं तसं नाही, हे मला माहीत आहे. तुला खासगी कॉलेज लागलंय आणि फीचा आकडा बघून तुझ्या बाबाचा चेहरा उतरलाय. मग आधी फीचाच हिशेब नीट करू. तू ओबीसीतून आहेस. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही हे लागू होतं. अट एकच, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. संस्था कोट्यातून घेतला तर नाही, अभिमत विद्यापीठात घेतला तर नाही. बाबाचं उत्पन्न त्या रेषेच्या आत बसतं का, हे कागदावर बघितल्याशिवाय "परवडत नाही" हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्क तरीही भरावं लागेल, ते वेगळं मांड. कॉलेजच्या वेबसाइटवर शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी असते. तिचा कागद काढ आणि बाबासमोर ठेव.

उत्पन्न रेषेच्या वर असेल आणि शेत गहाण टाकायची वेळ येत असेल, तर मात्र सीट सोडण्याचा विचार खुशाल कर. त्यात लाज काहीच नाही. अभिमत विद्यापीठाचं तर विचारूच नकोस. वर्षाला वीस-पंचवीस लाखांच्या घरातली फी साडेचार वर्षं भरायची, आणि इंटर्नशिप संपली की हातात पीजीचा क्लास. ते ज्यांना झेपतं त्यांनी करावं. डेंटल किंवा आयुर्वेदाची सीट "असू दे हातात" म्हणून घेणाऱ्यांचा मला राग येतो. आवडीने घेत असशील तर ती उत्तम शिक्षणं आहेत. पण मन एमबीबीएसमध्ये ठेवून तिथे गेलीस तर सकाळी डिसेक्शन, रात्री नीटचे मॉक, आणि मे महिन्यात दोन्हीकडे नापास. असे विद्यार्थी मी फार पाहिलेत.

पण तुझी ही पहिली फेरी आहे, हे विसरू नकोस. पहिल्या फेरीत सीट सोडायची घाई कशाला? रुजू हो, आणि 'स्टेटस रिटेन्शन' चा फॉर्म भरू नकोस. तो फॉर्म भरलास की "मला हीच सीट हवी, पुढच्या फेऱ्यांत माझा विचार करू नका" असं तू लिहून दिलंस. नाही भरलास, तर पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागू शकतं. एक मात्र पक्कं डोक्यात ठेव: वरची सीट लागली की आधीची आपोआप जाते. "नको, मला जुनीच द्या" म्हणून रडत आलेल्या मुलीला कुणी काही करू शकत नाही, ती सीट तोवर दुसऱ्याच्या नावावर चढलेली असते. म्हणून प्रेफरन्सची यादी पुन्हा काढ आणि प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे विचार, हे लागलं तर मी जाणार का? उत्तर "बघू" असेल तर ते नाव खोडून टाक. लोक पन्नास-साठ कॉलेजं भरून ठेवतात, शेजारच्याने भरली म्हणून आपणही. आणि मग त्यातलंच एखादं लागलं की डोक्याला हात लावतात. नकार द्यायची खरी जागा ती यादी आहे.

ऑल इंडिया कोट्यासाठीही नोंदणी केली असशील तर तिथले नियम वेगळे, कारण त्या पंधरा टक्के जागांचा कारभार दिल्लीहून मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी बघते. तिथे अलीकडे तीन फेऱ्या आणि मग उरलेल्या जागांची स्ट्रे फेरी असते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तरी काही बिघडत नाही. दुसरीत सोडली की अनामत गेली. खुल्या प्रवर्गाला ती दहा हजार असते, राखीवला पाच, पण अभिमत विद्यापीठांसाठी नोंदणी केली असेल तर दोन लाख, तेव्हा चेष्टा समजू नकोस. स्ट्रे फेरीत जागा मिळाली आणि गेली नाहीस, तर अनामत जातेच, वर पुढच्या नीटला बसू देत नाहीत. ज्या परीक्षेसाठी सीट सोडली तिलाच मुकायचं! स्ट्रे फेरीत उगाच नाव घालून बसणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. राज्याच्या सीईटी सेलचं माहितीपत्रक वेगळं असतं आणि दरवर्षी थोडं थोडं बदलतं. मागच्या वर्षीच्या मैत्रिणीचा अनुभव ऐकून घे, पण चालायचं छापलेल्या कलमाप्रमाणे.

शेवटी सोडायचंच ठरलं, तर प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या चांगलं आधी सोड. त्या तारखेनंतर सोडलेली सीट कुणालाच देता येत नाही. ती बॅच बाहेर पडेपर्यंत ती खुर्ची रिकामी राहते, म्हणून तर दंड लावतात. वेळेत सोडलीस तर तुझ्याखालच्या रँकवर बसलेल्या कुणाच्या तरी घरी पेढे वाटले जातील.

काउंटरवर काय होतं ते नीट ऐक. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता बाप आणि पोरगं धावत येतात. हातात साध्या कागदावर लिहिलेला अर्ज. तो घेऊन क्लार्क सांगते, डीनसाहेबांची सही लागेल. डीनसाहेब मीटिंगला मुंबईला गेलेले. मग वसतिगृहाचं ना-देय प्रमाणपत्र आणा, लायब्ररीचं आणा. लायब्ररीत अजून पुस्तकच घेतलेलं नसतं, तरी शिक्का लागतो. ओरिजिनल कागद स्ट्राँगरूमच्या कपाटात, त्याची किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. आणि हे सगळं जमलं तरी खरी गोष्ट कॉम्प्युटरवर बाकीच असते. अर्जावर आवक शिक्का मारून पोच घेतली म्हणजे ॲडमिशन रद्द झाली, असं नसतं. कॉलेजने आपल्या लॉगिनमधून ऑनलाइन कॅन्सल केलं पाहिजे आणि तिथून निघालेलं राजीनाम्याचं पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे. एमसीसीच्या सीटला तर त्या पत्राशिवाय राजीनामा धरतच नाहीत. ते पत्र हाती येईपर्यंत काउंटर सोडायचा नाही, कुणी कितीही "उद्या मेल करतो" म्हणालं तरी. कपाटातून कागद परत घेताना तिथेच उभं राहून मोज. दहावीचं मार्कशीट, बारावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता. शाळेच्या दाखल्याच्या मागे शिक्का किंवा शेरा मारलाय का, तेही बघ.

तो दाखला पुढे कुठे अडकवू नकोस. वर्ष रिकामं जायला नको म्हणून मुलं बी.एस्सी.ला नाव घालतात आणि ओरिजिनल दाखला तिथे देऊन बसतात. पुढच्या वर्षी मेडिकलची फेरी लागते, तेव्हा त्या कॉलेजात परीक्षा चालू असतात आणि दाखला चार दिवस निघत नाही. बी.एस्सी. करायचीच असेल तर दाखला परत मिळायला किती दिवस लागतात, हे प्रवेश घेतानाच विचारून घे.

जात वैधता एकदा मिळाली की कायमची, डोमिसाइलही तसंच. नॉन क्रिमिलेयरचं तसं नाही. त्यावर कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं, आणि ती तारीख ३१ मार्च असते. ती उलटली की एप्रिलमध्ये, गर्दी व्हायच्या आत, सेतूत जाऊन नवीनला टाक. जूनमध्ये तहसीलसमोर अख्खा जिल्हा उभा असतो. मधल्या वर्षाचं गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागेल, त्यात "नीटची तयारी करत होते" एवढं खरं ते लिही. गॅप का पडला म्हणून तुला कुणी उलटतपासणी घेणार नाही. रिपीटरचे गुण कापत नाहीत, वयाची वरची अट २०२२ मध्येच निघाली.

गुणांचंही एक सांगायचंय, कारण तू फोनवर सारखी "मला अजून चाळीस मार्क हवे होते" म्हणत होतीस. मार्क मोजू नकोस, रँक बघ. २०२४ मध्ये ६०० गुण घेऊन खुल्या प्रवर्गातल्या मुलाला महाराष्ट्रात सरकारी एमबीबीएस मिळत नव्हतं. २०२५ मध्ये पेपर, विशेषतः फिजिक्स, इतका कडक निघाला की देशभरात पहिल्या आलेल्याला ६८६ पडले, आणि ६०० च्या वर दीड हजारही मुलं नव्हती. बावीस लाखांवर मुलं बसली होती त्या वर्षी. तेव्हा तुझा रँक घे, तुझ्या प्रवर्गात राज्यातल्या शेवटच्या सरकारी सीटचा रँक घे, आणि मधलं अंतर बघ. थोडक्यात हुकलं असेल तर एक वर्ष घ्यायला हरकत नाही. अंतर फार मोठं असेल, तर बारा महिन्यांत काय वेगळं करणार हे मला नीट सांगता आलं पाहिजे. "जास्त अभ्यास करेन" हे उत्तर मी धरत नाही.

मी तुझे मॉकचे पेपर मागवले होते ते त्यासाठीच. बायोलॉजीत तुझं फारसं जात नाही. फिजिक्समध्ये तू चुकीची उत्तरं ठोकून देतेस, आणि प्रत्येक चुकीला एक गुण वजा होतो. वर्षभर त्यावर काम कर. क्लाससाठी लातूरला जायलाच हवं असं नाही. तिथे रिपीटर बॅचमध्ये गर्दीत हरवलेली मुलंही असतात, आणि तू एकटी राहिलीस की जेवत नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे. घरी राहून चांगली टेस्ट सिरीज लावलीस तरी पुरेल. पण दर रविवारी दुपारी दोन ते पाच, पंखा बंद झाला तरी न उठता, पूर्ण पेपर सोडवायचा. खरी परीक्षा त्याच वेळी असते, आणि तीही मेच्या उन्हात. आता १८० प्रश्नांना १८० मिनिटंच मिळतात. आधीची वीस मिनिटांची जादा सवलत आणि प्रश्न निवडायची मुभा दोन्ही गेली.

बाबाशी मी बोलते. बँकेने कर्ज मंजूर केलं असेल तर सीटचं ठरेपर्यंत पहिला हप्ता कॉलेजकडे जाऊ देऊ नका, एवढं त्याला आजच सांग. स्थळं बघायचं कुणी काढलं तर माझं नाव सांग, त्या माणसाला माझ्याकडे पाठव.

लेटर छापलंस की त्याचा फोटो पाठव. आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा किती आहे तो आधी सांग, म्हणजे फीमाफीचं बसतं का ते मी आज रात्रीच बघते.