काळ्या वाडग्यात पाहायचं काय?

प्रश्न: जपानमधल्या क्योतोत चहाच्या वाडग्यांचं एक छोटं संग्रहालय आहे म्हणे. फोटो पाहिले. ना नक्षी, ना रंग. काळे, जरा वेडेवाकडे वाडगे. एवढ्यासाठी वेगळं संग्रहालय कशाला?

उत्तर: तुम्ही म्हणता ते बहुधा राकू संग्रहालय. राकू हे कुंभारांचं घराणं. सोळाव्या शतकात चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्यासाठी चोजिरोनं वाडगे घडवले, तो या घराण्याचा मूळपुरुष. चौदाव्या पिढीच्या काकुन्यूंनी १९७८ मध्ये हे संग्रहालय काढलं. शेजारीच राहतं घर आणि भट्टी. तिथं आता सोळावी पिढी काम करते. आधीच्या पिढ्यांचे वाडगे जपले ते मुळात पुढच्यांनी त्यावरून शिकावं म्हणून. वडील मुलाला हात धरून शिकवत नाहीत, म्हणून तर या वस्तूंना एवढं मोल.

वेडेवाकडेपणाचं म्हणाल, तर राकू वाडगा चाकावर फिरवत नाहीत. तो तळव्यांत उभा करतात आणि मग पात्यानं खरवडून हलका करतात. काळ्या राकूची झिलई कामो नदीचे दगड कुटून केलेली. वाडगा लाल तापलेला असतानाच लांब चिमट्यानं भट्टीबाहेर ओढतात. नीट पाहिलंत तर अंगावर त्या चिमट्याचा वण सापडतो. पुष्कळ वाडग्यांचा काठ मुद्दाम किंचित वरखाली ठेवलेला असतो आणि आत तळाशी उथळ खळगा असतो. प्यायल्यावर उरलेला हिरवा घोट तिथं जमतो. मातीही सच्छिद्र, त्यामुळे चहा गरम राहतो, पण हात पोळत नाहीत. आणि काळ्यावर माचाचा, म्हणजे या चहाच्या पुडीचा, हिरवा रंग जसा उठून दिसतो, तसा पांढऱ्या चिनी मातीवर दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं ओठांसाठी आणि हातांसाठी घडवलेलं. काचेआडून त्यातलं निम्मंच कळतं. संग्रहालयालाही हे ठाऊक आहे. म्हणून तिथं अधूनमधून खास बैठका होतात, त्यात संग्रहातले वाडगे पाहुण्यांच्या हाती देतात. जाणार असाल तर आधी चौकशी करून अशाच दिवशी जा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, आणि वाडगा उचलायचा तो दोन्ही हातांनी, जमिनीपासून फार वर न नेता.