धुक्यात बंदर गाठायची घाई नको

मांडव्याहून फटफटायच्या आधी निघालो, तेव्हा मुंबईचे दिवे लख्ख दिसत होते. जानेवारीतला मतलई वारा उजव्या अंगाने येत होता, शीड भरलेलं होतं आणि सुकाणू मित्राच्या हातात. अर्ध्या तासात वारा पडला आणि धुकं असं बसलं की डोलकाठीचं टोकही दिसेना. शिडावरून थेंब टपकायला लागले. पुढे न्हावा-शेव्याला जाणाऱ्या जहाजांची वाट होती.

मित्र म्हणाला, "जीपीएस आहे, इंजिन लावू आणि सरळ जाऊ." सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं. पण जीपीएसवर कळते ती आपली जागा. समोरून कोण येतंय याचा त्याला पत्ता नसतो. मोबाइलवर जहाजं दाखवणारी ॲप असतात, पण त्यांतली माहिती मागे पडलेली असू शकते आणि मच्छीमारांच्या बऱ्याच होड्या त्यांत दिसतच नाहीत. तेवढ्यात भोंगा वाजला. तो म्हणाला डावीकडून, मी म्हटलं उजवीकडून. धुक्यात कान असाच दगा देतो.

अशा वेळी बंदराचा नाद सोडून उथळ पाणी गाठावं. कंटेनर जहाजाला बारा-चौदा मीटर पाणी लागतं, आणि ठरवलं तरी त्याला मैलभराच्या आत थांबता येत नाही. आम्ही रेवसच्या बाजूला वळलो आणि चार मीटर पाण्यात नांगर टाकला. वाटेत दर दोन-तीन मिनिटांनी इंजिन बंद करून कानोसा घेत होतो, कारण आपल्याच इंजिनाच्या धडधडीत दुसऱ्याचा भोंगा बुडतो. एकाने नाळेवर उभं राहायलाच हवं. किनाऱ्याजवळ डोल जाळ्यांचे खुंट अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडावा, आणि खोली भरतीची धरावी. मुंबईकडे मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं.

नियम असा, की शिडावर चालणाऱ्या बोटीने दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड भोंगे द्यायचे. बारा मीटरहून लहान बोटीला हेच इशारे बंधनकारक नाहीत, पण कसला तरी दणदणीत आवाज तेवढ्याच वेळाने करावाच लागतो. आमचा गॅसचा भोंगा मधेच फुसफुसला. मग मित्राने पोह्यांचा स्टीलचा डबा पालथा घातला आणि पान्याने बडवत बसला. पोहे आधी संपवले होते, हे नशीब.

फायबरची बोट रडारवर जेमतेम उमटते, म्हणून पत्र्याचा रिफ्लेक्टर डोलकाठीवर चढवून ठेवा. व्हीएचएफ १६ नंबरच्या चॅनेलवर चालू असू द्या. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये हवा, आणि लाइफजॅकेट अंगात. बाकाखाली ठेवलेलं काही कामाचं नाही.

धुकं साडेनऊला विरलं. हिवाळ्यात आता मी ऊन चढल्याशिवाय नांगर उचलत नाही. मित्र याला आळस म्हणतो. म्हणू दे, नवा भोंगा त्याच्याच पैशाने आणलाय.