ठासणीच्या बंदुकीचा पहिला बार

एखाद्या वक्त्याचे भाषण रंगले नाही की ‘बार फुसका निघाला’ असे आपण सहज म्हणून जातो. हा शब्दप्रयोग ज्या बंदुकीने मराठीला दिला ती ठासणीची बंदूक. तिच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मागच्या बाजूने बत्ती, गारगोटी किंवा टोपी यांच्या साहाय्याने पेटवायचे. पश्चिम घाटाच्या दोन्ही अंगांना, कोकण-गोव्यात आणि कर्नाटकात, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका शेतकऱ्यांच्या घरी आहेत. कोडगूमध्ये तर कैलपोळ्दच्या सणाला शस्त्रांची पूजा होते व नारळावर नेमबाजीच्या स्पर्धा लागतात.

प्रस्तुत लेखात या बंदुकीविषयीच्या एकाच प्रश्नाचा विचार करायचा आहे. साफ केलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी आणि त्यानंतर कीट धरलेल्या नळीतून सुटलेल्या गोळ्या एकाच जागी लागतात का? एन. सी. सी.मध्ये असताना फायरिंगपूर्वी नळीतील तेल चिंधीने पुसून कोरडे करण्याची सक्त ताकीद आम्हांला असे. कारण विचारले तर ‘नाहीतर पहिली गोळी भलतीकडे जाते’ एवढेच उत्तर मिळे. उत्तर बरोबर होते. पण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते पुरे वाटत नाही.

१. दारू जळते म्हणजे काय होते?

काळ्या दारूत स्थूलमानाने ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असते. आधुनिक धूरविरहित दारूचे जवळजवळ सर्व वायूत रूपांतर होते. काळ्या दारूचे तसे नाही. अँड्र्यू नोबल व फ्रेडरिक एबल या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८७० नंतरच्या दशकात बंद पात्रात दारू जाळून दाखवून दिले की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट व पोटॅशियम सल्फाइड असते. यातील काही भाग धूर बनून तोंडावाटे जातो, उरलेला नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. हेच कीट.

कीट मुख्यतः क्षारांचे असल्याने ते पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून जुने लोक अशी बंदूक गरम पाण्याने धूत. धुताना सडक्या अंड्यासारखा वास येतो तो सल्फाइडमुळे. पोटॅशियम कार्बोनेट हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे पावसाळी हवेत कीट मऊ व ओलसर राहते, तर एप्रिलच्या कोरड्या उन्हात ते खरपुडीसारखे कडक होते. एकच बंदूक दोन ऋतूंत दोन तऱ्हांनी वागते, त्याचे एक कारण हे आहे.

२. फट आणि कीट

तोंडातून गोळी आत जायची तर ती नळीपेक्षा थोडी लहान हवीच. ‘ब्राऊन बेस’ या प्रसिद्ध इंग्रजी मस्केटच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, तर गोळीचा सुमारे ०.६९ इंच असे. म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर फट. एवढी मोकळीक असल्याने नळीला कीट धरले तरी सैनिक बार भरू शके. पण याच फटीतून वायू निसटतो आणि गोळी नळीच्या भिंतींवर आपटत जाते. शेवटचा धक्का ज्या बाजूने बसेल त्याप्रमाणे ती स्वतःभोवती फिरू लागते व हवेत वळते. हे बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट केले. हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले व १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले.

उलट, आटे पाडलेल्या नळीत गोळी घट्ट बसली पाहिजे. तरच ती आट्यांप्रमाणे फिरेल. मग कीट आडवे येते. फ्रान्सच्या मिनिए याने १८४९ मध्ये यावर तोड काढली: बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी, जी भरताना सैल असते आणि बार उडताच वायूच्या दाबाने फुगून आट्यांत बसते. १८५३ च्या एनफील्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच व आरंभीची गोळी सुमारे ०.५६८ इंच होती. फट जेमतेम पाव मिलिमीटर! हिंदुस्थानच्या उन्हात कडक झालेल्या किटाने ती भरणे जड जाऊ लागले, आणि पुढे गोळीचा व्यास ०.५५ इंचावर आणावा लागला.

काडतुसाला चरबी लावण्याचे कारणही हेच. गोळी सरकावी आणि कीट मऊ राहावे यासाठी ते वंगण होते. इतिहासाच्या पुस्तकात आपण १८५७ ची काडतुसे वाचतो. परंतु मुळात वंगण का लागत होते, हे तेथे सहसा नसते. उठावाची कारणे अर्थातच कितीतरी खोल होती. आपल्या शेजारी कोल्हापुरातही २७ वी पलटण ३१ जुलै १८५७ रोजी उठली. पण ठिणगी ज्या वस्तूची पडली, ती वस्तू किटाच्या प्रश्नातून जन्मली होती.

३. पहिल्या बाराचे वेगळेपण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिल्या बाराच्या वेळी नळी थंड असते, तिच्यात गंज टाळण्यासाठी लावलेल्या तेलाचा अंश असतो आणि कीट मुळीच नसते. दुसऱ्या बारापासून तेल जळून गेलेले असते, किटाचा पातळ थर आलेला असतो, त्यामुळे फट किंचित कमी होऊन घर्षण बदललेले असते. दाब बदलला की वेग बदलतो.

वेगातील फरकाने किती फरक पडेल? समजा, एका गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर व दुसरीचा ३८० मीटर आहे. हवेचा विरोध सोडून दिला तर ५० मीटर अंतरावर पहिली सुमारे ७.७ सेंटिमीटर खाली येईल, दुसरी ८.५ सेंटिमीटर. फरक केवळ ८ मिलिमीटर. १०० मीटरवर हाच फरक चौपट, म्हणजे ३.३ सेंटिमीटर होतो.

पण एवढ्यावर भागत नाही. गोळी नळीत असतानाच बंदूक मागे रेटू लागते व तिचे तोंड वर उचलले जाते. सावकाश जाणारी गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून ती तोंड अधिक वर असताना बाहेर पडते. म्हणजे कमी वेग गोळीला एका कारणाने खाली आणतो व दुसऱ्याने वर नेतो. कोणते कारण वरचढ ठरेल हे बंदूक, दारूचे माप व अंतर यांवर अवलंबून. म्हणूनच ‘पहिली गोळी नेहमी वर जाते’ किंवा ‘नेहमी खाली जाते’ असा सर्वांना लागू पडणारा नियम सांगता येत नाही. प्रत्येक बंदुकीला तो स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

४. सरकणे आणि विखुरणे

विचारायचा कसा? येथेच बहुतेकांची गल्लत होते. लागोपाठ पाच बार काढले तर त्यांतील एकच स्वच्छ नळीचा असतो. एका निरीक्षणावरून सरासरीही कळत नाही आणि पसाराही कळत नाही. त्यासाठी प्रत्येक वेळी नळी सारख्याच रीतीने साफ करून एकेकच बार काढावा, आणि असे पाच ‘पहिले बार’ एकाच कागदावर नोंदवावेत.

समजा, मध्यबिंदूपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये अशी आली: +६, +४, +७, +५, +३. सरासरी +५. नंतरच्या बारांची उंची −१, +१, ०, +२, −२, सरासरी ०. दोन्ही संचांचे प्रमाण विचलन सुमारे १.६ आहे. दोन सरासरींतील फरक ५, आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी १. फरक त्रुटीच्या पाचपट असल्याने तो योगायोग म्हणता येणार नाही. पण येथे स्वच्छ नळी वाईट ठरत नाही! ती किटाच्या नळीइतकीच नेमकी आहे. फक्त तिचा मध्य सरकलेला आहे.

आता दुसरी शक्यता घेऊ. पहिले बार +६, −५, +४, −७, +२ असे आले. सरासरी ०, म्हणजे मध्य जागेवर. पण गोळ्या विखुरल्या. हा दोष नेम बदलून जाणार नाही. तेल कधी जास्त, कधी कमी राहिले असेल तर असे होते, आणि त्यावर उपाय एकच: साफसफाईत सारखेपणा आणणे.

सरकणे आणि विखुरणे हे दोन निराळे रोग आहेत आणि त्यांची औषधे निराळी आहेत. प्रयोगशाळेत ‘पहिले रीडिंग सोडून द्या’ असे आपल्याला सांगतात, तेव्हाही हा भेद ध्यानात ठेवावा. स्पर्धेतील नेमबाजाला पहिला बार सोडणे परवडते. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ३० मिनिटांत १३ बार काढून उत्तम १० धरण्याची पद्धत आहे. परंतु ज्याला एकच बार मिळणार, त्याच्यासाठी पहिले रीडिंग हेच सर्वस्व आहे. ते चुकीचे रीडिंग नव्हे. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

५. व्यवहारातील निष्कर्ष

नळीला कीट तसेच ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण ओलावा शोषणारे क्षार रातोरात लोखंडाला गंज आणतात. तेव्हा नळी धुऊन, तेल लावून ठेवावी. वापरापूर्वी तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसावे. टोपीची बंदूक असल्यास, ती रिकामी असताना सुरक्षित दिशेला एक-दोन टोप्या फोडून बत्तीचे छिद्र मोकळे करावे. त्या छिद्रात तेल राहिले की दारू भिजते आणि बार खरोखरच फुसका निघतो. लागोपाठ बार काढायचे असल्यास प्रत्येक बारानंतर ओलसर व मग कोरडी चिंधी सारख्याच रीतीने फिरवावी, म्हणजे किटाचा थर वाढत जाणार नाही.

एक धोका मात्र सर्वांत गंभीर आहे. किटामुळे गोळी मध्येच अडकून दारूपर्यंत पोहोचली नाही, तर मधल्या पोकळीमुळे नळी फुगू वा फुटू शकते. म्हणून गजावर पूर्ण भरलेल्या बाराची खूण करून ती दर वेळी पाहावी. बंदुकीला परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, हेही विसरू नये.

नळीची अवस्था ही प्रयोगातील एक राशी आहे. ती स्थिर ठेवा किंवा मोजा. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर दोष मात्र नेम धरणाऱ्याच्या माथी येतो.