पाच टक्क्यांची बातमी

प्रश्न : शिरड शहापूर ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा निधी कधी येतो, कुठे जातो, हे आधी कसे कळावे?

उत्तर : हा निधी वरून ‘येत’ नाही; ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. म्हणजे घरपट्टीच्या पावतीतच त्याचा उगम आहे. ही पूर्वीची तीन टक्क्यांची तरतूद २०१८ मध्ये वाढली. निधी स्वउत्पन्नातूनच निघत असल्याने वसुली किती झाली हे कळल्याशिवाय आपला वाटा किती, हे कळणार नाही. माझ्या मते गावात मदतीआधी बातमी पोचायला हवी. उशिरा कळलेली योजना नसल्यातच जमा. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्याने बंधनकारक आहेत. तिथे जमाखर्चासोबत लाभार्थ्यांची यादी वाचून दाखवा, असा आग्रह धरा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. नुसते तोंडी बोलणे सभेबरोबर विरते.

‘सभेला माणसेच येत नाहीत’ असे उत्तर मिळेल. ते खोटे नाही. पण गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतील कमी संख्या पुरते आणि तहकूब सभेला तीही लागत नाही. ‘फलकावर लावले होते’ हेही ऐकाल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला टाचणीने टोचलेला कागद काय कामाचा? दवंडी, घंटागाडीचा भोंगा, आशाताईंची घरभेट हे मार्ग फारसे खर्चिक नाहीत. तरीही दाद न लागल्यास दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात या खर्चाच्या नोंदवहीची प्रत मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.