अर्धवट राहिलेल्या टाक्यांचं काय होतं?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५.

सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कसं असावं, नजर कुठे असावी, खाणं-झोपणं किती असावं, हे सगळं भगवंतांचं सांगून झालंय. मग अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा धरून ठेवण्यासारखं आहे. भगवंत ते नाकारत नाहीत. कठीण आहे म्हणतात, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. इथे संवाद थांबला असता तरी चाललं असतं. पण अर्जुन पुढचा प्रश्न विचारतो, आणि मला वाटतं तो प्रश्न आपल्या पिढीसाठीच विचारलाय.

अर्जुनाचा प्रश्न

एखाद्याने श्रद्धेने सुरुवात केली, पण प्रयत्न कमी पडले, मन भरकटलं आणि मुक्कामाला पोचायच्या आधीच सगळं थांबलं, तर त्याचं काय होतं? अर्जुन इथे ढगाची उपमा देतो. मोठ्या ढगापासून एक तुकडा फाटून वेगळा झाला, दुसऱ्या ढगाला जाऊन मिळाला नाही, मध्येच विरून गेला. ना इकडचा, ना तिकडचा. त्या माणसाची अशीच गत होते का?

आपल्याकडे म्हणतात ना, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार? अर्जुनाची भीती तीच आहे.

एक गोष्ट नीट बघा. अर्जुन आळशी माणसाबद्दल विचारत नाहीये. ज्याने सुरुवातच केली नाही त्याच्याबद्दलही नाही. ज्याच्याजवळ श्रद्धा होती, ज्याने हात घातला होता, पण ज्याचं राहून गेलं, त्याच्याबद्दल तो विचारतोय.

हा प्रश्न मी पुस्तकाबाहेर एकदा ऐकलाय. आजीच्या तोंडून.

आजी ज्ञानेश्वरीचं पारायण करत होती. तेराव्या अध्यायापर्यंत आली आणि डोळे, मग बसायची ताकद, असं एकेक जात राहिलं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती मला म्हणाली, "माझं अर्धं राहिलं गं. आता ते कुणाच्या खात्यात जायचं?" आई पटकन म्हणाली, "होईल हो पूर्ण, बरी हो आधी." आजी हसली. बरी होणार नाही हे तिला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं. तिला धीर नको होता, उत्तर हवं होतं. माझ्याकडे तेव्हा ते नव्हतं.

एक शांत शनिवार

गेल्या शनिवारी ऑन-कॉल नव्हता, कुठे जायचं नव्हतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि आईने आणि मी कपाटातल्या दोन गोष्टी बाहेर काढल्या. एक आजीची अर्धवट गोधडी. दुसरं आईचं भरतकाम: देवघरासाठी आसन, साखळी टाक्याची वेल आणि मध्ये कमळ, त्यातल्या तीन पाकळ्या भरायच्या राहिलेल्या.

ज्यांनी गोधडी शिवताना पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी एकावर एक अंथरतात. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालतात. मग धावदोरा. आजी काठापासून सुरू करायची, चौकोनात चौकोन करत आत आत यायची. ही गोधडी तिने चारही बाजूंनी आत आणली होती आणि मधला साधारण दोन वितींचा चौकोन मोकळा राहिला होता. सुई तशीच कापडात अडकलेली. गंजून तिने तपकिरी डाग पाडला होता.

काठाजवळचे टाके बारीक, एकसारखे. आत येता येता ते लांब होत गेलेत, शेवटच्या ओळी वाकड्या. तिचा हात कधी थरथरायला लागला ते तारीख न लिहिता तिथे नोंदवलेलं आहे. मी आईला विचारलं, "ह्या ओळी उसवून नीट घालू का?" आईने मान हलवली. म्हणाली, "धरून ठेवायचं काम करतायत ना? मग असू देत."

दुसरं तिने शिकवलं ते कामाचं. नवा दोरा जुन्या दोऱ्याच्या टोकाला लगेच सुरू करायचा नाही. जुना दोरा गाठ न मारता सुटलाय, त्याचे शेवटचे टाके सैल असतात. चार-पाच टाके मागे जायचं, जुन्या टाक्यांवरून शिवत पुढे यायचं. तसं केलं नाही तर नेमकी त्या जोडावर शिलाई उघडते.

आई समोर पाकळ्या भरत बसली होती. रिंग बरेच महिने तशीच राहिल्याने कापडावर गोल वळ उमटला होता, तो धुतल्यावर जाईल म्हणाली. दिवसभरात आम्ही फार बोललो नाही. हाताला काम आणि तोंडाला नाम, एवढंच. संत नामदेव शिंपी कुळातले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि त्यातल्या एका पदात शिंप्याचा गज, कात्री, सुई, दोरा हे सगळं नामस्मरणाचं साहित्य होऊन जातं. सुई हातात धरल्यावर ते रूपक वाटत नाही, साधं वर्णन वाटतं.

संध्याकाळी गोधडी पूर्ण झाली. कच्चे टाके ओढून काढले.

भगवंतांचं उत्तर

आता श्लोक ४० पासून वाचा. भगवंत सुरुवातीलाच निर्णय देतात: अशा माणसाचा नाश इथे नाही, परलोकातही नाही. चांगलं करणारा कुणीही दुर्गतीला जात नाही. आणि हे सांगताना ते अर्जुनाला 'तात' म्हणतात, म्हणजे बाळा. घाबरलेल्या लेकराशी बोलावं तसं.

मग पुढे काय होतं तेही सांगतात. असा साधक पुण्यवंतांच्या लोकात राहून पुन्हा शुद्ध, संपन्न घरात जन्म घेतो, किंवा थेट ज्ञानी योग्यांच्या कुळात, आणि असा जन्म फार दुर्मिळ असतो. तिथे त्याला मागच्या देहात कमावलेली बुद्धी परत मिळते आणि तिथून तो पुढे प्रयत्न करतो. शून्यापासून नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर लॅपटॉप बंद पडला तरी जे कमिट पुश केलेलं आहे ते जात नाही. नवा लॅपटॉप घ्या, शेवटच्या कमिटपासून पुढे चला. पण ही उपमा एका जागी तोकडी पडते. आपल्याला जुन्या कमिट्सचा लॉग दिसत नाही. मागे काय झालं ते आठवत नाही. मग कळणार कसं? श्लोक ४४ मध्ये त्याचं उत्तर आहे: पूर्वीचा अभ्यास त्याला ओढून नेतो, त्याची इच्छा नसली तरी. आठवण राहत नाही, ओढ राहते. हरिपाठ कानावर पडला की कुणाचे पाय थबकतात, कुणाचे नाही. का थबकतात ते थबकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गोधडीतले कच्चे टाके मला इथे आठवतात. इतके महिने ती कपाटात घडी करून पडली होती, तरी थर जागचे हलले नव्हते. काम थांबलं होतं, पण सुटलं नव्हतं. अभ्यास हे असं धरून ठेवतो.

आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. ते कुणाच्याच खात्यात जात नाही. तुझंच असतं, तुझ्याचसाठी थांबून राहतं. गोधडी मी पूर्ण करू शकले, कारण ती वस्तू आहे. पारायणाचं तसं नाही. तिच्या नावाने पुढचे पाच अध्याय आम्ही वाचले, ते वाचावेतच, प्रेमाने वाचावेत. पण तिचं चालणं तिचंच आहे. तेराव्या अध्यायापर्यंत जे तिच्यात उतरलं, ते घेऊन ती कुठेतरी पुढे निघालीच असणार. मला हे आता फक्त समजूत म्हणून म्हणायचं नाहीये. भगवंतांनी दिलेला शब्द म्हणून मी ते धरलंय.

एक सावधगिरी

"काहीच वाया जात नाही ना, मग पुढच्या जन्मी बघू," असा अर्थ काढायचा मोह होतो. पण श्लोक ४५ बघा. तिथे शेवटपर्यंत पोचणारा साधक नेटाने प्रयत्न करणारा आहे. भगवंतांनी दिलेलं अभय राहून गेलेल्यांसाठी आहे, ठेवून दिलेल्यांसाठी नाही. आजीचा हात थांबला कारण तो उचलतच नव्हता. आपला हात तर दिवसभर स्क्रोल करू शकतो!

उलट्या टोकालाही जाऊ नका. दहा दिवस जप झाला, अकराव्या दिवशी चुकला, की आपण म्हणतो, "स्ट्रीक तुटली, आता पुन्हा पहिल्यापासून." गीतेत स्ट्रीक नावाची गोष्टच नाही. झालेले दहा दिवस झालेलेच आहेत.

आजची साधना

१. तुमची एक राहून गेलेली उपासना आठवा. एकच. हरिपाठ, जपमाळ, रोजचा एक श्लोक, काहीही.

२. तिथे परत जाताना जरा मागून सुरू करा. पाचव्या अध्यायावर थांबला असाल तर चौथ्याच्या शेवटच्या ओव्या आधी वाचा. जोड पक्का होतो.

३. आधी केलेलं कसं होतं, लक्ष होतं की नव्हतं, याचा हिशोब करू नका. वाकडे टाके उसवायचे नाहीत.

४. आज फक्त दहा मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत.

आणि घरात कुणी वयस्कर माणूस "माझं राहिलं रे" म्हणत असेल, तर "होईल, होईल" म्हणून विषय टाळू नका. शेजारी बसा आणि ४० वा श्लोक अर्थासकट वाचून दाखवा. त्यांना तोच ऐकायचा असतो.

राम कृष्ण हरी!